मांसाच्या वर की खाली

केळीचं खोड कापलं की त्यातून पाण्यासारखा रस गळतो. हातावर पडतो तेव्हा थंड लागतो, त्याला रंग नसतो आणि वास असलाच तर ओल्या मातीचा. दुसऱ्या दिवशी बघावं तर लुगडं तपकिरी-काळ्या डागांनी भरलेलं, आणि ते डाग साबणानं, सोड्यानं, उन्हानं, कशानंच निघत नाहीत. वैशाखातल्या त्या संध्याकाळी मी त्या रसानं भिजलेल्या लुगड्यातच बसले होते. दुपारी वादळ आलं होतं आणि बहादरपुरातली आमची निसवलेली, घड बाहेर पडलेली केळीची बाग बघता बघता आडवी झाली होती. केळीला लाकूड नसतं, सालीवर साल गुंडाळलेली असते, आत पाणी आणि डोक्यावर घडाचं ओझं. ती मोडते तेव्हा कडाड असा आवाज होत नाही, ओलं कापड कुणी दोन्ही हातांनी फाडावं तसा होतो. तो आवाज मी दारात उभी राहून ऐकला होता, आणि वारा पडल्यावर विळा घेऊन बागेत शिरले होते. पडलेली खोडं मुलगा तोडत होताच, पण मलाही काहीतरी तोडायचं होतं.

तेवढ्यात शहराकडून रिक्षा आली आणि माझी लेक रेखा उतरली. डावा हात छातीशी घट्ट धरलेला, चेहरा राखेसारखा. मला वाटलं, हात मोडला. हात मोडला नव्हता.

रेखाचं सासर बऱ्हाणपुरात, राजघाटाच्या बाजूला. नवरा कचेरीत बाबू, पांढरा शर्ट, जीभ गोड. काही वर्षांपूर्वी रेखाच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. इंदूरला नेऊन स्तन काढला आणि त्याच वेळी त्या जागी सिलिकॉनची पिशवी बसवली. डॉक्टर तिला इम्प्लांट म्हणतात. तिचं माप कुणी ठरवलं, तर जावयानं. मी त्या खोलीत होते. रेखा दवाखान्याचा झगा घालून भिंतीकडे बघत बसली होती आणि हा डॉक्टरसमोर खुर्ची पुढे ओढून, सोफ्याची गादी निवडावी तसा बोलत होता. म्हणाला, थोडं भरूनच घाला, कंजूसी नको. डॉक्टरनं विचारलं, पिशवी छातीच्या मांसावर ठेवायची की मांसाखाली. यानं विचारलं, लवकर कशानं बरी होईल. वर ठेवली तर लवकर. मग वरच ठेवा, म्हणाला, घरी करणारं दुसरं कोण आहे. एवढ्यात सगळं ठरलं. रेखाचं तोंड तेव्हा उघडलं ते थर्मामीटरसाठी.

पुढे किरणांचा शेक दिला. कातडी पातळ झाली, तांबूस-काळी पडली. शरीर आत आलेल्या परक्या वस्तूभोवती आपली एक पापुद्र्याची पिशवी विणतं, तसं तिच्याही शरीरानं विणलं, आणि मग ती आवळत गेली. दोन पावसाळ्यांत ते सगळं कच्च्या कवठासारखं कडक होऊन गळ्याच्या हाडाकडे चढलं. रेखा पदर तिकडून घ्यायला लागली. नवरा त्याला दगड म्हणू लागला. आधी हसत म्हणायचा, मग न हसता.

वादळाच्या दुपारी शहरात वीज गेली होती, पंखा बंद, जेवायला उशीर. एवढंच कारण. त्यानं ओट्यावरचा खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि म्हणाला, दगडच आहे ना, बघू तरी. एक घाव घातला. ती ओरडली तर म्हणाला, दगडाला दुखतं कधी? आणि दुसरा घातला.

हे तिनं मला रडत सांगितलं नाही. पाणी मागितलं, प्यायली आणि सांगितलं. ठाण्यात जाऊ म्हटलं तर म्हणाली, “माय, आधी मला सरळ श्वास घेऊ दे.”

इंदूरला या वेळी दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. ती बाई होती, चष्म्यावरून बघणारी, कमी बोलणारी. आतली पिशवी फाटली होती. तिनं ती काढली, भोवतीचं कडक कवचही खरवडून काढलं, आणि म्हणाली, आता अंग भरू दे, पावसाळा जाऊ दे, मग परत बसवायची की नाही ते बघू. रेखा माझ्याकडे राहिली. तिच्या छातीच्या एका बाजूला आता काही नव्हतं, नांगरून सोडलेल्या वाफ्यासारखी सपाट जागा आणि तिच्यावरून आडवी गेलेली शिवण. मला ते बरं वाटलं. नाही ते ओझं गेलं. माझं म्हणणं, बाईच्या अंगावर जे आहे त्यावरच जगाचा डोळा आणि जगाचा हात, जे नाही त्याला कोण मारणार.

आषाढात जावई आला. मावा जिलेबीचा पुडा घेऊन आला, तूप कागदातून झिरपत होतं. अंगणातल्या खाटेवर पाय वर घेऊन बसला. आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतो.

“मामी, झालं ते झालं. भांड्याला भांडं लागतंच. डॉक्टरनीशी मी बोलतो, बायकांना त्यातलं समजत नाही. माप पहिलंच ठेवू. लहान केलं तर लोक विचारतील.”

“कोण लोक?”

“लोक म्हणजे आपले चारचौघं.”

“ते चारचौघं तिच्या पोलक्यात बघतात का रे?”

तो हसला. “मामी, तुम्ही भी ना,” म्हणाला आणि जिलेबीचा तुकडा तोडून तोंडात टाकला.

त्या हसण्यानं माझा हात उठला. घड जड झाला की केळीला बांबूचा टेकू लावतात. वादळात पडलेल्या बागेतले टेकू भिंतीशी रचलेले होते. त्यातला एक घेतला आणि त्याच्या खांद्यावर हाणला. तो उठायला गेला, दुसरा हाणला तो त्यानं मनगटावर झेलला, आणि मनगटातून जो आवाज आला तो मला ओळखीचा होता, कारण लाकूड मोडलं की तसाच आवाज होतो. तो शिव्या देत, हात पोटाशी धरून फाटकाबाहेर गेला. तिसरा घाव फाटकावर बसला. माझं वय सत्तरीच्या पुढचं आहे, पण हात बागेत काम केलेले आहेत. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

रेखा दारात उभी होती. मला वाटलं, येऊन गळ्यात पडेल. ती खाली बसली आणि मातीत पडलेल्या जिलेब्या गोळा करायला लागली, मुंग्या होतील म्हणून.

“झालं तुझं?” म्हणाली.

“झालं.”

“त्यानं मारलं, तू मारलं. या दोन्हीत मी कुठे होते, बघितलं का?”

“तुझ्यासाठीच मारलं ना, बाई.”

“मला विचारून?”

मी म्हटलं, विचारायचं काय त्यात. आणि लगेहाथ हेही सांगून टाकलं की आता तिथं काही बसवायचं नाही, आहे तशी सपाट राहा, माझं तरी काय उरलंय, वाळलेली दोडकीच ना, काही अडलं का. रेखानं पुडा बांधला. मग शांतपणे म्हणाली, “माय, अंघोळ करताना साबण लावते तेव्हा हात तिथं जातो आणि बरगडीवर आपटतो. रोज आपटतो. मला कुणाला दाखवायचं नाही. माझ्या हाताला जागा पाहिजे.”

मी चिडले आणि आत निघून गेले. दोन दिवस आम्ही बोललो नाही.

श्रावणात तापी चढली. राजघाटाच्या पायऱ्या बुडाल्या, गढूळ पाण्यातून आख्खी झाडं, छपरं, कुणाचं तरी फुगलेलं जनावर वाहून जात होतं, आणि लोक छत्र्या घेऊन ते बघायला उभे होते. लांबून बघितलं तर नदी मारतेय असं वाटत नाही, फक्त वाहतेय असं वाटतं. त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी फोनवर रेखाला सांगितलं की तिच्या कातडीला आता किती झेपेल त्यावरून तीन मापं होतात. पातळ कापडाच्या पिशव्या शिव, त्यांत मापानं तांदूळ भर, एकेक पिशवी चोळीत ठेवून घरकाम कर, चाल, वाक, आणि मग तूच सांग कोणतं तुझं वाटतं. मी म्हटलं, असा कुठे इलाज असतो का. पण पिशव्या मीच शिवल्या, जुन्या मलमलच्या.

आमच्या घरी श्रावणात कानबाई देवी बसते, आणि तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, गहू मोजावे लागतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. मुलाच्या नावानं सव्वा मूठ, नातवाच्या नावानं सव्वा मूठ. गेलेल्यांची मोजत नाहीत. बायकांची कधीच मोजत नाहीत, पीठ मात्र त्याच दळतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे मोजते आहे, आणि माझ्या मुठीला सवय लागली आहे की ती भरली की तोंडातून नाव निघतं.

त्या सकाळी गहू मोजून झाले आणि मी त्याच बैठकीत तांदळाचा डबा ओढला. रेखा समोर बसली होती. मी मूठ भरली, पिशवीत सोडली, आणि तोंडातून जावयाचं नाव निघालं. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. दुसरी मूठ भरली, पुन्हा त्याचं नाव.

रेखानं पिशवी माझ्या हातातून हिसकली आणि उलटी केली. तांदूळ जमिनीवर, माझ्या मांडीवर, गव्हाच्या सुपात. मग तिनं डबाच उचलून भिंतीवर आपटला. इतक्या वर्षांत तिनं माझ्यासमोर आवाज चढवला नव्हता, आणि आताही चढवला नाही. दात आवळून म्हणाली, “त्याच्याच नावानं? अजून त्याच्याच नावानं?”

“अगं, सवय आहे हाताची. चुकून.”

“चुकूनच तर सगळं झालं, माय.”

देवीचे गहू आणि तिचे तांदूळ एकत्र झाले होते. मी निवडायला बसले, तर तिनं सूप बाजूला केलं, खाली सांडलेले तांदूळ स्वतः वेचले, चहाचा कप आणला आणि कपानं मोजून तिन्ही पिशव्या भरल्या. कुणाचंच नाव घेतलं नाही. मी म्हटलं, तुझं तरी घे. म्हणाली, मोजायला नाव कशाला लागतं, कप आहे ना.

पुढचे काही दिवस ती पिशवी चोळीत घालून वावरली. सर्वांत मोठी घातली त्या दिवशी मानेला रग लागली आणि विहिरीवरून येताना खांदा झुकला. मधली घातली तर भाकरी थापताना मध्ये यायची. सर्वांत लहान घातली त्या दिवशी तिनं अंगण सारवलं, धुणं धुतलं, आणि संध्याकाळी मी विचारलं तेव्हा तिला आठवावं लागलं की आज पिशवी घातली आहे. ती उजव्या बाजूइतकी भरत नव्हती. मी तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, “माहीत आहे. दोन बहिणी सारख्या नसतात.”

कार्तिकात इंदूरला गेलो. असीरगडाच्या घाटात सकाळचं धुकं होतं आणि सागाची पानं गळायला लागली होती. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर खऱ्या पिशव्या मांडलेल्या होत्या, मऊ, दुधी काचेसारख्या. रेखानं सर्वांत लहान उचलली, तळहातावर तोलली आणि म्हणाली, ही. बाई म्हणाल्या, ठीक. मग त्यांनी जागेचं विचारलं. वर ठेवली तर दुखणं कमी, पण कातडी पातळ आहे, कड दिसेल. खाली ठेवायची तर छातीचं मांस उचलावं लागेल, महिनाभर हात वर होणार नाही, आणि काम करताना मांस आवळलं की आत हलल्यासारखं वाटेल. किरणांनी भाजलेली जागा आहे, कशीही ठेवली तरी पुन्हा कडक होणार नाही याची हमी मी देत नाही. हे सगळं त्या रेखाकडे बघून बोलल्या.

मला राहवलं नाही. मी विचारलं, “बाई, वरून घाव बसला तर कुठली जागा टिकेल? खाली ठेवली तर मांस अडवेल ना?”

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, “अम्मा, मारण्याच्या हिशोबानं आम्ही नाही बसवत.”

खोलीत स्पिरिटचा वास होता आणि खिडकीतून पांढरं कोवळं ऊन टेबलावर आलं होतं. मी माझ्या दृष्टीनं शहाणा प्रश्न विचारला होता. बागेत केळ लावताना आपण वारा कुठून येतो ते आधी बघतो. पण रेखा माझ्याकडे बघत होती, रागानं नाही, आणि मला कळलं की मी तिच्या अंगावर जागा शोधत होते ती तिच्यासाठी नाही, त्या बत्त्यासाठी. त्याचं मनगट मोडलं तरी त्याचा हात मी माझ्याबरोबर इंदूरपर्यंत आणला होता आणि त्याला खुर्ची दिली होती.

“खाली ठेवा,” रेखा म्हणाली. “कड दिसायला नको. बोटाला लागायलाही नको.”

“दुखेल,” बाई म्हणाल्या.

“दुखू दे.”

तिनं घाव हा शब्दही उच्चारला नाही. पुढे ती कुठे राहणार, त्याच्याकडे परत जाणार की नाही, हे मी रस्ताभर विचारायचं ठरवलं होतं आणि विचारलं नव्हतं, आणि तिथं बसल्यावर तो प्रश्नही तिचा नाही, माझाच आहे असं वाटायला लागलं.

बाईंनी तिला आरशासमोर उभं राहायला सांगितलं, खुणा करायच्या होत्या. मी तिचं पोलकं धरायला उठले. रेखा म्हणाली, “माय, तू बाहेर बस.”

मी बाहेर बसले. दार आतून लागलं. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. एकदा रेखाच बराच वेळ बोलली. या पोरीसाठी मी लोकांच्या अंगावर धावून गेले आहे, शिव्या दिल्या आहेत, हाड मोडलं आहे, आणि त्यातलं काही अवघड गेलं नाही. त्या बाकावर मात्र माझे दोन्ही हात मांडीवर पडले होते आणि त्यांना काय करायला सांगावं ते मला कळत नव्हतं.