बेटाची प्रदक्षिणा

जेवणाच्या टेबलावर गेले आठ दिवस इटलीतल्या सिसिलीचा नकाशा पसरलेला आहे. जूनमध्ये सहा दिवसांत गाडीने अख्ख्या बेटाला फेरी मारायची, असं नवऱ्याने आणि मी ठरवलंय. ऑफिसातून आले की पर्ससुद्धा खाली न ठेवता मी लाल पेनने एखादं गाव वाढवते. काल ज्वालामुखी सकाळी होता, आज तो दुपारवर सरकला. एखादा किनारा सुटेल की काय, अशी सारखी धाकधूक. महिन्यापूर्वी त्या किनाऱ्याचं नावही मला ठाऊक नव्हतं!

आज आई नकाशाचा कोपरा दुमडून मेथी निवडत बसली होती. बेटाच्या कडेने फिरणारं माझं बोट तिने पाहिलं.

"उलटी घालतेस प्रदक्षिणा?"

"अगं, तिकडे गाड्या उजवीकडून चालतात. असं गेलं की समुद्र आपल्या बाजूला राहतो."

"बरं. आणि टेकणार कुठे?"

"हॉटेलं बुक केलीत."

"झोपायचं नाही विचारत. प्रदक्षिणा झाली की देवळात दोन मिनिटं टेकतो ना आपण, तसं."

देवळात टेकून आपण करतो तरी काय? खांबाला पाठ लावतो, कुणीतरी वाजवलेली घंटा विरेपर्यंत ऐकतो. मागायचंही काही उरलेलं नसतं. घरी तरी मी अशी शेवटची कधी बसले होते, आठवेना.

मी सहाव्या दिवसातलं एक गाव खोडलं आणि तिथे लिहिलं, 'नुसतं टेकणे'. क्षणभर फार बरं वाटलं. मग पेन हातातच होतं, म्हणून पुढे वेळही टाकली: साडेचार ते पाच.