काकांच्या जांभळाला घातलेली घागर

हे लिहावं की नाही, यावर बरेच दिवस मन अडत होतं. देवीच्या कृपेची गोष्ट सांगायची म्हटली की माझ्यातला भांडखोर माणूस उठून बसतो, आणि न सांगावी तर मी लबाड ठरतो. म्हणून घडलं तसं लिहितो.

आमच्या कोल्हापूर भागात आता बरीच घरं रक्षा नदीत सोडत नाहीत. खड्ड्यात राख घालून वर झाड लावतात. यासाठी मी पत्रकं लिहिली, दुःखाच्या घरी जाऊन बोललो. देव मी मानतो, पण दगडावर पाणी ओतणं हा पाण्याचा अपमान आहे, असंही एका पत्रकात ठासून लिहिलं होतं. गेल्या हिवाळ्यात काका वारले, तेव्हा काकू पंचगंगेच्या घाटावर जायला निघाल्या होत्या. मी भावकीसमोर त्यांना अडवलं, वाद घातला. "तू शिकलेला हाईस बाबा, तू म्हणशील तसं," एवढंच बोलून त्यांनी राखेचं मडकं माझ्या हाती दिलं. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका उघड्या डोंगरावर, मरगाई देवीच्या देवळाखालच्या उतारावर, आम्ही जांभूळ लावलं. आणखी काही घरांची झाडं तिथंच होती.

त्या उतारावर पाणी नाही. विहीर आहे ती पायथ्याला. पाळीपाळीनं कॅन वाहून आणायचे, असं आम्ही ठरवलं होतं. एका पुढाऱ्यानं टँकर देऊ केला, पण त्यावर त्याचा फलक लागणार होता, म्हणून मी नको म्हटलं. त्याचा मला फार अभिमान वाटला. ऊन वाढलं तशी सोबतची पोरं कागलच्या कंपन्यांत कामाला लागली. आणि मी गगनबावड्यापर्यंत भाषणं देत फिरत होतो. विषय एकच, झाडं लावा.

एके दिवशी काकू म्हणाल्या, "शनवारी मला डोंगरावर ने. नदीत सोडलं असतं तर नदीत हायत म्हणून हात तरी जोडलं असतं. आता माझं सगळं त्या झाडात हाय."

मी घाईनं जाऊन बघून आलो. आळं तडकलं होतं, पानं करपून चुरगळली होती. खरं सांगतो, त्या क्षणी मला काका आठवले नाहीत. काकूंना काय सांगायचं, एवढंच आठवलं. शुक्रवारी सकाळी रोपवाटिकेतून तेवढ्याच उंचीचं जांभूळ घेतलं आणि खुरपं घेऊन डोंगर चढलो. जुनं काढायचं, नवं लावायचं. काकूंना कळणार नव्हतं.

मी माती उकरत होतो तेव्हा वाटेनं एक जोडपं वर आलं, वयस्कर. बाईंच्या डोक्यावर देवीच्या नवसाची पाण्याची घागर होती, पाय अनवाणी. ती घागर वाटेत जमिनीवर टेकवायची नसते. बाई थांबल्या.

"उपटताय कशाला पावणं?"

"वाळलंय, मावशी."

"कुणी लावलंय?"

"मीच. काकांचं आहे. म्हणजे, काका आहेत त्यात."

त्या जवळ आल्या. शेजारचं नवं रोप बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी घागर उतरवली आणि सगळं पाणी हळूहळू जांभळाच्या बुडात ओतलं.

"अगं, नवसाचं पाणी ते," नवरा म्हणाला.

"देवीला सांगीन मी. ती काय तहानल्याली हाय व्हय?"

"आणि आता परत खाली कोण जाणार? माझं गुडघं काय माझं ऐकत्यात?"

"तुमचं कोण ऐकतंय घरात, मग गुडघ्यांनीच का ऐकावं?" असं म्हणून त्यांनी रिकामी घागर माझ्यापुढं धरली. "ह्यो जाईल की."

मी चपला काढल्या आणि गेलो. भरलेली घागर खांद्यावर घेऊन तो चढ चढताना जीव निघत होता. दम लागला तरी टेकवता येत नव्हती. जे पाणी दगडावर ओतण्याला मी अपमान म्हटलं होतं, ते सांडू नये म्हणून मी पाऊल जपून टाकत होतो. अशी काळजी मी काकांच्या झाडासाठी कधी घेतली नव्हती. देवळात बाईंनी अभिषेक केला, माझ्या हातावर अंगारा ठेवला. मी देवीसमोर मान वर करू शकलो नाही. काही मागितलंही नाही. मागायला तोंडच नव्हतं.

शनिवारी काकूंना घेऊन गेलो आणि झाडापाशी सगळं सांगितलं, दुसरं रोप आणल्याचंही. त्या आळ्यापाशी खाली बसल्या. मग वाळल्या खोडावर हात ठेवून म्हणाल्या, "तू ते बदललं असतंस, तर मी आयुष्यभर परक्याच्या पाया पडले असते रं."

त्या वाक्यापुढं माझी सगळी पत्रकं गप्प झाली. तेव्हापासून रोज पाणी वाहिलं, आणि काही दिवसांनी बुडाजवळ कोंभ फुटला. तो कुणाच्या पाण्यानं फुटला, याचा वाद मी घालणार नाही. त्या बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं, त्या पुन्हा दिसल्या नाहीत. आता मंगळवारी आणि शुक्रवारी मी उताराच्या वळणावर उभा राहतो आणि वर निघालेल्यांना हात जोडून म्हणतो, "देवीला घालून उरलं तर इथं द्या." मागताना अजून लाज वाटते. लोक मात्र देतात, कधी तांब्याभर, कधी अर्धी कळशी. आई मरगाई, हात पुढं करायला तू मला शिकवलंस, तेवढं पुरे. ही लाज माझ्याकडे राहू दे.