पळसाचा माणूस

माझा मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे, आणि त्या जहाजाशी आज बारा दिवस संपर्क नाही. मुंबईच्या ऑफिसातली मुलगी रोज तेच सांगते, "मॅडम, काळजी करू नका." काळजी करू नका म्हणे! हिचं काय जातंय? माझा जीव टांगणीला लागलाय. घास गिळवत नाही, कुणाचाही फोन वाजला तरी धावत सुटते.

नेमका आठव्या दिवशी खर्ड्याकडचा एक शेतकरी आमच्या पुणतांब्याच्या घरी आला. आमचे हे गोदावरीच्या घाटावर क्रियाकर्मं करतात. त्या शेतकऱ्याचा पणजोबा पहिल्या महायुद्धात पलटणीच्या खेचरांबरोबर बोटीवर चढला होता. बोट मुंबईहून निघाली ती बसऱ्याला पोचलीच नाही.

"फळकूटसुदिक घावलं न्हाई म्हनत्यात," तो म्हणाला. "पणजी मरूस्तोवर कुकू लावायची, दिवस घालू देईना. आता आत्या अंथरुणाला खिळलीय. ती म्हनती, माज्या आज्याला सोडवा."

ज्याचा देह सापडत नाही, त्याचा पळसाच्या पानांचा माणूस करतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. मी ह्यांना आत बोलावलं.

"नाही म्हणा त्याला. आपलं लेकरू पाण्यावर, आणि तुम्ही बुडालेल्याला जाळायला निघालात? अभद्र कुठलं."

"मी नाही म्हटलं की उद्या त्याचा फोन येईल, असं लिहून देतेस?"

ते इतक्या शांतपणे म्हणाले की माझं डोकंच फिरलं. बापाचं काळीज आहे की पाटा, असं तोंडावर बोलले मी. ते पळस आणायला गेले.

दुपारी मोबाईलवर त्या काळच्या बोटी शोधत बसले. शोधू नये तेच शोधायची खोड, दुसरं काय. कितीतरी बोटी तशाच गेलेल्या. कित्येकींवर बिनतारी यंत्रही नसायचं. एक बंदर सोडायचं, पुढच्या बंदरात माणसं वाट बघत राहायची, आणि संपलं. तरी मोबाईल खाली ठेववेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पानांचा भारा गोठ्यामागे लपवून ठेवला. ह्यांनी विचारलंसुद्धा नाही. रात्री घाटावरच मुक्काम केलेला तो शेतकरीच दारात येऊन उभा राहिला.

"काकू, पानं कुटं ठिवली? आत्या कालपासनं जेवली न्हाई. काम झाल्याचा फोन आल्याबिगर तोंडात पानी घ्यायची न्हाई म्हनती."

मला त्याची पणजी आठवली. मी तिला कुठं पाहिलेलं, पण आठवलीच. सगळा जन्म कुंकू लावून दाराकडे बघत बसलेली. माझे तर नऊच दिवस झाले होते. मी गोठ्यामागे गेले आणि भारा काढून दिला.

घाटावर मी कधी जात नाही. त्या दिवशी गेले, घरी एकटीला बसवेना म्हणून. हे पानं मांडत होते. पाय झाले, हात झाले, छाती झाली. तो पानांचा माणूस नेमका माझ्या मुलाच्या उंचीचा होत चालला, आणि मला ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, जरा लहान करा. शेतकऱ्यानं अग्नी दिला तेव्हा मी पायरीला घट्ट धरून बसले होते.

सगळं आटोपल्यावर तो हात जोडून म्हणाला, "गुरुजी, एक इचारू? समजा म्हातारा कुटंतरी जिता हुता, आन हे समदं केल्यावर घरी आला, मंग वो?"

"त्याचाही विधी आहे," हे म्हणाले. "तो पुन्हा जन्मला असं धरायचं. तुपानं न्हाऊ घालायचं. जातकर्म करायचं, बारसं करायचं, पहिलंच नाव पुन्हा ठेवायचं. मुंज झालेली असली तर तीही पुन्हा लावायची." मग ते मंत्र म्हणू लागले. पोथी शेजारी मिटलेली होती. एकही शब्द अडला नाही.

"लई येळा केला असंल तुमी."

"एकदाही नाही," हे म्हणाले. "ह्याच आठवड्यात पाठ केला."