माळवदावरची पांढरी माती

आज सकाळी अंगणात पांढऱ्या मातीचा ढीग पडला. त्यावर पाणी मारताच असा वास सुटला, की माझ्या लग्नाचं पहिलं वर्ष समोर येऊन उभं राहिलं. कुरुंद्याजवळच्या या घरात आले तेव्हा मी सागवानी खांबांकडे बघतच राहिले होते. आठ खणांचं माळवद. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, त्यावर पाला आणि सगळ्यांत वर हातभर माती. लाकडात लोखंडाचा खिळा म्हणून नाही, खाचेत खाच बसलेली. बाहेर उन्हानं जीव नकोसा व्हावा आणि आत निवांत डोळा लागावा, असं हे गुणी घर.

फक्त दरवर्षी पावसाआधी त्याच्या डोक्यावर नवी माती घालायची. पहिल्या वर्षी मी हौसेनं शेतातली काळी मातीच थापली. ती अशी तडकली की पावसाचं पाणी थेट चुलीत! सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. ते रागावले नाहीत. "वर कापूस पेरायचा व्हता व्हय?" म्हणाले, आणि पडक्या गढीची पांढरी माती आणून मला शिडीवर चढवलं.

आता मामांचे गुडघे गेलेत. यंदा माती घालायची नाही, दिवाळीनंतर घर पाडून स्लॅब टाकायचा, असं त्यांच्या दोन्ही लेकांनी ठरवलं. मामा "पाडा बापू" एवढंच म्हणाले आणि दोन दिवस धड जेवले नाहीत. मला काही ते बघवेना. नवऱ्याला म्हटलं, "स्लॅबचं मागून बघू, यंदाची माती मी टाकते."

"काहून तकलीफ करून घेऊन राहिली?"

"माझी हौस!"

म्हणून आज पन्नाशीच्या पुढं पदर खोचून वर चढले. मामा आत बाजेवर पडून होते. माझ्या पावलांखाली फळ्यांतून धूळ गळे, तिच्यावरून त्यांना कुठं माती पातळ आहे ते कळे. "भिंतीतल्या देवळीच्या अंगाला आणखी एक टोपलं!" खालून आवाज यायचा. किती दिवसांनी तो खणखणीत ऐकला! या माणसावर माझा फार जीव आहे, हे मला त्या उन्हात उभं राहून कळलं.

उतरले तेव्हा कंबर मोडली होती. "झालं का बराबर?" मी विचारलं. मामांनी छतावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"पुढल्या साली उताराला जरा जास्त टाक," ते म्हणाले, आणि जेवायला वाढ म्हणाले.