भाव आणणाऱ्याची नवी खोली

कंप्युटरचं काम आपल्या हातून कधी बिघडत न्हाई, असं मी ताडकळसच्या आख्ख्या बाजाराला सांगत असतो. त्या दिवशी ते सांगता सांगता मी चहात साखर टाकायची इसरलो.

माझ्या हाटेलात टीव्हीवर बाजारभाव दिसतेत. भाचीनं कंप्युटरात एक सॉफ्टवेअर बसवून देलं हाय. ते इंटरनेटवर जाऊन ताडकळसचे अन् परभणीचे भाव घेऊन येतंय. ते अपडेट झालं अन् जुन्या सेटिंगा चालंनात. आधी समद्या एकाच फाईलीत, गोधडीत गुंडाळल्यावानी. आता म्हणं प्रत्येक प्लगिनला, म्हंजी सॉफ्टवेअरच्या दर तुकड्याला, येगळी खोली पायजे: भाव आणणाऱ्याला एक, टीव्हीवर दावणाऱ्याला एक.

शाळेत माझं बूड टिकलं न्हाई, इंग्रजी मी अक्षराच्या तोंडावळ्यावरून वळखतो. तरी भाचीला फोन न करता एकटाच बसलो. वेबसाईटचा पत्ता उचलला, ती उघडायची किती वेळ वाट बघायची ते उचललं, अन् भाव आणणाऱ्याच्या खोलीत नेऊन ठिवलं. टीव्हीवर भाव झळकायलेच होते. मी ऐटीत गल्ल्यावर बसलो.

तेवढ्यात वहिनी आली. आख्ख्या वर्षाचं सोयाबीन टेम्पोत, टेम्पो दारात.

"भावजी, हितंच इकू का परभणीला नेऊ?"

"हितंच इका. दोन्हीकडं सारखाच भाव हाय. फुकट भाडं कशाला घालायलाव?"

वहिनीनं डायवरला पोते उतरवायची खूण केली. मी देलेल्या चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं अन् टीव्हीकडं बघितलं.

"भावजी, खाली तारीख कालची कशी?"

बोअरच्या वायरीला हात लावायच्या आधी आमी स्टार्टर बंद करतो. तसंच, सेटिंगाला हात लावायच्या आधी मी भाव आणणारं प्लगिन बंद केलं होतं. चालू करायचं राहिलंच. टीव्ही बिचारा कालचेच भाव दावायला होता.

"थांब रे, पोते उतरवू नको!" मी डायवरला वरडलो अन् प्लगिन चालू केलं. नवे भाव आले. परभणीचा भाव भाडं जाऊन बी वर होता.

"बघा वहिनी, मांडणी कशी फस्क्लास केली! समदं जिथल्या तिथं."

वहिनीनं अर्धा कप माझ्या हातात देला अन् टेम्पोत चढली.

"भावजी, भावाचं राहू द्या. आधी चहात साखर टाकत जा."