तांबेऱ्याच्या बाजूची माणसं

घेवड्यावर सहा वर्षं काम केलं. शोधनिबंध दोनच निघाले, किस्से मात्र पोतंभर साठले. घरी आलेला पाहुणा शोधनिबंध कधी मागत नाही, म्हणून मग हेच सांगत बसते.

आमचं काम तसं सोपं. काही घेवडा तांबेरा रोगानं जळतो, काही त्याला दाद देत नाही. ही ताकद कोणत्या जनुकात आहे, ते शोधायचं. त्यासाठी दोन्हींचा संकर करायचा, त्यांच्या नातवंडांवर मुद्दाम रोग सोडायचा आणि कोण टिकतं ते बघायचं.

शेवगावकडचे एक शेतकरी प्लॉट बघायला आले, तेव्हा मी पाठीवर पंप घेऊन फवारत होते.

"औषध कोनचं?"

"औषध नाही, तांबेरा फवारतेय."

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ताई, उगं कष्ट केले. माझ्या रानात लावायचं हुतं. फवारायचीबी गरज न्हाई."

*

प्लॉट सांभाळायच्या केडगावच्या रूथबाई. एका सोमवारी बघते तर पानांवरचे डाग वाळलेले. बाईंनी बुरशीनाशक मारलं होतं.

"लई हाल चालले हुते झाडांचे. मला बघवंना."

सगळा हंगाम गेला. माझी पीएचडी वर्षभर लांबली. शेडमागं जाऊन मी रडून घेतलं. आमचे गाईड म्हस्के सर आवाज चढवणारे नव्हेत. ते एवढंच म्हणाले, "रूथबाई, आपण इथं तांबेऱ्याच्या बाजूनं आहोत."

बाईंनी थोडा विचार केला. "मंग रविवारी प्रार्थना कुनासाठी करायची, तेवढं सांगा."

*

पुढच्या हंगामात वावटळीनं एका अख्ख्या ओळीचे टॅग उडवले. नंबराशिवाय झाडांना काही अर्थ नाही. रूथबाईंनी टॅग गोळा केले आणि आठवणीनं एकेक परत बांधला. मी पानं लॅबमध्ये नेऊन आधीच्या डीएनएशी ताडून पाहिली. एकच झाड जुळेना.

"ते चुकलं न्हाई," बाई म्हणाल्या. "तुमचं मशीन पुन्यांदा बघा."

बघितलं. मशीनही बरोबर होतं. ट्यूबवर नंबर चुकीचा मी टाकला होता.

*

अखेर जनुकाची जागा सापडली. न जळणारं बियाणं आम्हाला सोनईजवळच्या वस्तीवरच्या एका आजींनी दिलं होतं. सर म्हणाले, त्यांना सांगायला हवं. जनुकाची जागा दाखवणाऱ्या नकाशाचा कागद घेऊन आम्ही गेलो. त्यावर होती फक्त एक उभी रेघ आणि बारीक खुणा.

आजी ओट्यावर शेंगा सोलत होत्या. कागद त्यांनी मांडीवर घेतला.

"बियानं माझ्या सासूचं. माहेरनं आनलं हुतं तिनं. ती असंस्तोवर शेंगंला हात लावायची सोय नव्हती. लई कडक बाई."

"आजी, रोगाला न जुमानणारा सासूबाईंच्या बियाण्याचा गुण नेमका कुठं आहे, ते आता कळलंय," सर म्हणाले.

"कुटं?"

सरांनी रेघेवरच्या एका खुणेवर बोट ठेवलं. आजींनी डोळे बारीक करून ती खूण बराच वेळ बघितली. मग शेंगांचं सूप बाजूला सारलं, नीट बसल्या आणि डोक्यावर पदर घेतला.