अध्याय संपेपर्यंत

“मॅडम, बबनचं नाव लिस्टमधून काढा. त्याचं तोंडच उघडत नाही,” देशपांडे साहेब म्हणाले. ते पिरंगुटच्या फॅक्टरीत एचआर मॅनेजर. २००५ साली मी तिथल्या ऑपरेटर लोकांना जर्मन शिकवत होते.

जर्मनीहून नवं मशीन येणार होतं. ते शिकायला सहाजण तीन महिने तिकडं जाणार. त्याआधी तिकडचा इंजिनियर येऊन तोंडी परीक्षा घेणार, म्हणजे मॅन्युअलचं पान मोठ्यानं वाचायला लावून वर प्रश्न विचारणार. हाताशी दोन आठवडे होते.

बबन जवळच्या मुठा गावचा. मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा. लेखी परीक्षेत पहिला, पण वाचायला उभा केला की घाम फुटायचा. आता गळला तर जुन्या लेथवरच राहणार, हे त्यालाही कळत होतं. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा.

“बबनराव, मूग गिळून काय उभे राहता?” मी एकदा चिडलेच.

“राग मानू नका मॅडम, पर तुमी दर शब्दाला टोकता. आमच्याकडं श्रावणात देवळात पोथी लावत्यात. मीच वाचतोय. मधी कुनी बोलत न्हाई. चुकलं तर अध्याय संपल्यावर सांगत्यात.”

मी ओशाळले. वीस वर्षं मी शब्दाशब्दाला टोकूनच शिकवत होते.

“बरं, तुमच्या पद्धतीनं करू. आधी मी वाचते, मग तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्यानं बूट काढले आणि ट्रेनिंग रूममध्ये खाली मांडी घातली. समोर खोक्यावर मॅन्युअल. मशीनच्या सुरक्षेचे नियम त्यानं चक्क पोथीच्या चालीत लावले. बाकीचे पाचजण खुसखुसले. मी मध्ये न टोकता चुका वहीत टिपल्या. पान संपल्यावर त्यातल्या चारच सांगितल्या. जर्मनमध्ये एक स्वर आहे. ओठ शिट्टीसारखे गोल करायचे आणि आतून ‘ई’ म्हणायचं. तो त्याला तीन दिवसांत जमला. आठवड्यात चाल गळाली, आवाज तेवढा खणखणीत राहिला. मग बाकीचेही खाली बसले.

परीक्षेला इंजिनियरनं बबनला कधी न पाहिलेलं पान दिलं. अर्ध्यावर इंजिनियरनंच काही विचारायला तोंड उघडलं. बबननं मान वर न करता हात दाखवला, थांबा. देशपांडे साहेबांचा चेहरा पडला.

बबननं पान संपवलं, खाली ठेवलं आणि स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाला, “आता विचारा.”

इंजिनियर मोठ्यानं हसला. तीन प्रश्न विचारले, तिन्हींची उत्तरं मिळाली. जर्मनीला जाणाऱ्यांच्या लिस्टमध्ये बबनचं नाव त्यानं स्वतः पहिलं लिहिलं. मला इतका आनंद झाला की साहेबांसमोर मी टाळ्या वाजवल्या.

मोठ्यानं वाचून उच्चार सुधारतात, हे मला ठाऊक होतं. त्या वेळात शिक्षकानं गप्प बसायचं असतं, हे मुठ्याच्या देवळात आधीपासून माहीत होतं.